धोंडीरामचा शब्द

"अगं, ती बघ, आपली बाई आली!" धोंडीराम बाजेवरून अर्धा उठला.

टीव्हीवर लाल गालिच्यावरून एक नटी चालत येत होती. दोन वर्षांपूर्वी ऊसतोड्यांवरच्या सिनेमासाठी ती धोंडीरामच्या घरी महिनाभर राहिली होती. तिला कोयता धरायला आपण शिकवलं, हे तो येईल त्याला सांगे. त्याची बायको भिवराबाई त्या दिवसांत सिनेमावाल्यांच्या कोऱ्या लुगड्यांना नुसती ठिगळं लावत बसली होती, हेही सांगे. आज सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम होता आणि 'आपल्या बाई'चं नाव यादीत होतं.

"अंगावर कापड किती कमी गं," तो म्हणाला. "हितं असताना डोईवरचा पदर ढळू देत नव्हती."

"आन् गारठा लई असतो तिथं." भिवराबाई खाली बसून सुपात मटकी निवडत होती.

"तुला काय ठावं?"

"समदे अंगभर झाकून बसलेत की. दिसतंय."

धोंडीरामला ते पटलं. बायकोचं म्हणणं इतक्या लवकर पटवून घ्यायची त्याची रीत नव्हती, पण आज स्वारी खुशीत होती. संध्याकाळचं दूध घालून महिला दूध संस्थेच्या अकरा बायका रिकाम्या किटल्या घेऊन थेट त्याच्याच घरी आल्या होत्या. गावपुढारी अर्जुनरावांच्या दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही असताना! नटी आपल्याकडं राहिली त्याचा हा मान, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

मान होता तसा पेचही होता. उद्या संस्थेची अध्यक्ष निवडायची होती. दोन वर्षं पाऊस नाही, वैरण दिसेनाशी झालेली. केजला तालुक्याच्या साहेबांपुढं उभं राहून वैरण मागेल अशी कुणीतरी हवी होती. अर्जुनरावांनी आपल्या सुनेचं नाव पुढं केलं होतं, म्हणजे संस्था त्यांच्या खिशात गेल्यातच जमा. बायकांना भिवराबाई हवी होती. भिवराबाईलाही मनापासून व्हायचं होतं, पण घरात वाद घालून नको होतं. आणि धोंडीराम नाही म्हणून हटून बसला होता.

"मग दाजी, काय ठरलं?" जाहिरात लागल्याबरोबर संस्थेची सचिव केसरबाई हिनं विचारलं.

"किती डाव सांगू? ही चार माणसांत तोंड उघडत न्हाई. साहेबापुढं जाऊन काय मुकी उभी ऱ्हाईल? गावभर हसं व्हईल."

"आन् बोलली तर?"

"हिनं माईकपुढं चार शब्द बोलून दाखवले ना, तर उद्या मीच हार घेऊन येतो संस्थेत. पहिला हार माझा!"

"शब्द हाय का?"

"शब्द! समद्यांच्या देखत."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांतल्या चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. भिवराबाई खडे वेचत राहिली.

धोंडीराम काही वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, तिची फजिती त्याला पाहवली नसती, इतकंच. गेल्या महिन्यात ती केसरबाईबरोबर डोळे तपासायला अंबाजोगाईला गेली आणि चार दिवस राहिली, तर तेवढ्यात हा अर्धा झाला होता. जाताना तिनं लग्नातली हिरवी इरकल पिशवीत घातली, तेव्हा त्यानं चिडवलंही होतं, "दवाखान्यात इरकल कशाला गं? डाक्टरला दाखवायला?"

"मग काय फाटकं नेसून जाऊ?" ती म्हणाली होती. ऑपरेशन लागलंच नाही म्हणून हसतमुख परत आली, तेव्हा कुठं त्याला चार घास गोड लागले.

जाहिराती संपल्या.

"आत्ता या घटकेला मुंबईत चाललंय बघा हे," धोंडीरामनं बायकांना माहिती पुरवली. "तिकडं टाळी वाजली की लगी हिकडं ऐकू येती."

"असं का," केसरबाई म्हणाली.

बक्षिसं काही संपेनात. कॅमेऱ्याचं झालं, आवाजाचं झालं. नटीचं शेवटी असणार. सूत्रसंचालक म्हणाला, आता वेशभूषा. धोंडीराम जांभई देत उठला.

"कापडालाबी बक्षीस देतेत का? म्हशीला पाणी दावून येतो तवर."

"बसा की दाजी," केसरबाई घाईनं म्हणाली. "म्हशीला मी दावते मागून."

"कावून वो? मला काय लुगडी बघायची हायेत?"

तो दारात जाऊन चपला शोधू लागला. मागं पाकीट फाडल्याचा आवाज झाला, मग टाळ्यांचा कडकडाट. अकराही बायका एकदम टीव्हीकडं सरकल्या, किटल्या खडखडल्या. म्हणून त्यानं वळून पाहिलं.

'आपली बाई' खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होती. आणि हिरव्या इरकलीतली एक बाई पदर सावरत, कुणाचा हात न धरता, स्टेजच्या पायऱ्या चढत होती. वर जाऊन तिनं सोनेरी बाहुली काखेत मारली, माईक आपल्या उंचीला ओढला आणि म्हणाली, "रामराम. ठिगळालाबी बक्षीस असतं, हे आमच्या घरात कुणाला खरं वाटायचं न्हाई." सगळं सभागृह हसलं. तिनं ते हसू ओसरू दिलं आणि पुढं बोलायला लागली.

धोंडीरामच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. त्यानं टीव्हीकडं पाहिलं, मग खाली सुपाकडं पाहिलं.

"आवाज जरा वाढवा," मटकीतला खडा बाजूला टाकत भिवराबाई म्हणाली, "पुढं तुमचंबी नाव घेतलंय मी."