गोड बोलणारे डॉक्टर

स्टाफवर खेकसू नये, कौतुक करावं, असं जळगावच्या शिबिरात ऐकून डॉक्टर रतिलाल दोंडाईच्याला परतले. आल्या आल्या त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यांचं रक्त फुकट तपासून दिलं. दुसऱ्या दिवशी सुया उकळायला उशीर झाला, तरी नर्स सुगंधाबाईंना ते हसून म्हणाले, "असू द्या. किती राबता तुम्ही!"

सुगंधाबाईंना रडूच फुटलं. डॉक्टर गोंधळले. यात चुकलं काय?

"साहेब, मना रिपोर्ट खराब शे का?"

"छे हो! तुमचा रिपोर्ट खराब आहे, असं कुणी सांगितलं?"

"पंधरा वर्षं बघते ना मी. बरा होणाऱ्या पेशंटला तुम्ही झापता. ज्याचं काही खरं नाही, त्याच्याशीच गोड बोलता."

 डॉक्टर टेबलावर हात आपटून ओरडले, "अजून सुया उकळल्या नाहीत?"

डोळे पुसत, हसत सुगंधाबाई स्टोव्हकडे पळाल्या.