कमळाबाईचा सा

"काल सा पांढऱ्या पट्टीवर होता, आज काळीवर काऊन गेला जी?" कमळाबाईनं विचारलं.

अश्वजित सरांचा हार्मोनियमवरचा हात थांबला. "सा कुठूनबी धरता येते, कमळाबाई."

"कुठूनबी धरता येते, मंग चुकते कसा?"

दिवसभर धान कापून आलेल्या बाईला हे समजावत बसायला सरांना वेळ नव्हता. त्यांनी सूर मोजणारं अ‍ॅप लावून मोबाईल पुढं केला. "गा." कमळाबाई गायली. पडद्यावरची सुई लाल झाली.

महिला भजन मंडळाची ब्रह्मपुरीतली स्पर्धा चार दिवसांवर आली होती. म्हणून हे नवे सर एकेकीला समाजमंदिरात बोलावून, दार लोटून सारेगम शिकवत होते. सात बायांच्या मंडळात कमळाबाई वीस वर्षं गात होती. आपला सा कुठं असतो, हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर मेला सापडेना!

शेवटच्या दिवशी सर हळूच म्हणाले, "राग मानू नका बाई. स्टेजवर नुसते ओठ हलवा. अन् कोणाले सांगू नका, मंडळाच्या इज्जतीचा सवाल आहे."

कमळाबाईला रडूच आलं. पोरगी दिव्यानी आईचं गाणं ऐकायला खास गडचिरोलीहून येणार होती.

स्पर्धेला जाताना बसमध्ये शेजारी मंडळातलीच बायनाबाई बसली. एरवी तिचं तोंड बंद नसे.

"तुयं झालं का वं सारेगम?" कमळाबाईनं विचारलं.

"झालं ना," म्हणून बायनाबाई खिडकीबाहेर पाहू लागली. "अन् तुयं?"

"मायंबी."

मंडपात दिव्यानी पहिल्याच रांगेत होती, मोबाईल उंच धरून. सरांनी भजनाचं ध्रुवपद म्हटलं. आता तेच बायांनी उचलायचं होतं. कमळाबाईनं नुसते ओठ उघडले, पोरीकडं पाहिलं आणि तिला राहवेना. जाऊ दे बापा! एकट्या बायनाबाईचा आवाज बाजार ओलांडून जाते, त्यात आपला कोणाले कळते? तिनं डोळे मिटले आणि पोटापासून सूर लावला.

तो सूर एकटाच साऱ्या मंडपात घुमला. तिनं दचकून डोळे उघडले. शेजारी बायनाबाईचे ओठ हलत होते, पलीकडं ज्योत्स्नाचे हलत होते, साऱ्याजणींचे हलत होते. आवाज मात्र एकीचाही येत नव्हता.