अर्धा इंच सैल

नऊ वर्षांनी मिळालेल्या नोकरीचा पहिला दिवस, दहाला मीटिंग, आणि नवाकोरा लॅपटॉप कंपनीचं चिन्ह दाखवून ढिम्म बसलेला. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं झबलं त्याच्या अंगात होतं. चारदा बंद-चालू करून दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "एखादं बटण दबलंय का बघा," तो म्हणाला. झबल्याच्या इलॅस्टिकखाली कोपऱ्यातलं बटण रुतलं होतं. झबलं उतरवून पाचव्यांदा चालू केल्यावर पडदा उजळला आणि माझा जीव भांड्यात पडला. दारातल्या सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "मिटलेला असताना माप घेतलं, तिथेच चुकले. दे, टाकून देते." "टाकता कशाला? अर्धा इंच सैल करा." दहाला मी मीटिंगमध्ये शिरले आणि आतल्या खोलीत शिलाई मशीन खडखडू लागलं. "हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं. "सासूबाईही आजच रुजू झाल्यात," मी म्हणाले.