आईची गाय

"पैसे आलेत म्हटलं ना! सगळ्या जगाला दिसतायत. हवं तर तू पण बघ." केनेनं फोन बहिणीच्या नाकासमोर धरला.

उझोअमाकानं फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती फाटकाबाहेरच्या गाईकडे बघत होती. गुरांचा व्यापारी मालम सनूसी गाईची दोरी धरून मघापासून उभा होता. आत अंगणात आईची शवपेटी ठेवलेली होती आणि मांडवाखाली आईच्या माहेरची माणसं हाताची घडी घालून बसली होती. गाय दारात आल्याशिवाय ही मंडळी आपल्या लेकीला मातीत जाऊ देणार नव्हती. गाय द्यायची थोरल्या मुलानं. केनेनं तर टोरांटोहून आधीच बजावलं होतं, आईची गाय माझी, मध्ये कुणी पडायचं नाही.

"दिसतायत तर दे त्याला," उझो म्हणाली.

"अगं, तेच सांगतोय. माझे क्रिप्टोतले डॉलर एका ब्लॉकचेनवर होते. इथला एजंट दुसऱ्याच ब्लॉकचेनवरचे घेतो आणि इथल्या चलनात, नायरात, पैसे देतो. म्हणून मी ते इकडून तिकडे पाठवले. पोचले पण. आता तिथून हलवायचे तर फी तिथल्याच नाण्यात भरावी लागते. ते नाणं माझ्याकडे नाही."

"किती लागतं?"

"किरकोळ गं. एक प्लेट भात येईल एवढं."

"मग मागून घे त्या एजंटकडे."

"फोन उचलत नाहीये. शनिवार म्हणजे इथे मयतांचा दिवस ना, तोही गेला असेल कुणाच्या तरी मयताला."

उझोचं डोकंच फिरलं. "बँकेतून पाठव म्हणून घसा कोरडा केला होता मी. तेव्हा म्हणालास, बँका अडाण्यांसाठी असतात."

"कमिशन वाचवत होतो."

"कुणाच्या मयतात वाचवत होतास?"

केनेच्या अंगात सिंहाची चित्रं असलेला नवाकोरा मखमली झगा होता, खास आजच्यासाठी शिवून घेतलेला. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून हा सुपुत्र रविवारी व्हिडिओवर तोंड दाखवायचा आणि आईला कसला रस पाजायचा ते बहिणीला शिकवायचा. पाजायची ती. धुवायची ती.

"मॅडम," मालम सनूसीनं हाक मारली, "मला अजून एका मयताला गाय पोचवायचीय. पैसे जमा झाल्याचा बँकेचा अलर्ट आला तर ही आत जाईल. नाहीतर मी निघालो." त्यानं गाईचं तोंड रस्त्याकडे वळवलंसुद्धा.

केने बहिणीच्या जवळ सरकला. आवाज एकदम मऊ झाला. "उझो, तू भर ना. दुकानाच्या खात्यात आहेत तुझ्याकडे. एजंट भेटला की लगेच परत करतो. फक्त कुणाला बोलू नकोस. दोरी मी धरून नेतो. मामांसमोर माझी अब्रू जाईल गं."

"आईला कुशीवर वळवायला कधी आला नाहीस," उझो म्हणाली, आणि मांडवातल्या माना वळल्या इतक्या मोठ्यानं म्हणाली, "दोरी धरायला बरा आलास!"

तिनं कमरेला खोचलेला फोन काढला. दोनदा पिन चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लागला. मालम सनूसीचा फोन वाजला. त्यानं मेसेज नीट वाचला, मान हलवली आणि दोरी पुढे केली.

केनेनं हात पुढे केला. उझोनं मध्येच दोरी घेतली, आपल्या मुठीला वेढा दिला आणि चालू लागली. गाय फाटकाशी अडली. उझोनं असा हिसका दिला की गाय निमूट आत आली. मागून केने झगा सावरत धावला.

अंगणात वाजवत असलेल्या बँडवाल्यांचे हात थांबले. मामा काठी टेकत उठले आणि वाटेत आडवे उभे राहिले.

"थांब पोरी. आमच्यात गाय मुलगा आणतो. ही गाय कुणाची?"

केनेनं तोंड उघडलं. उझोनं मागे वळून त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

"दिसत नाही का, मामा?" ती म्हणाली. "सगळ्या जगाला दिसतंय."

मामांनी तिच्या मुठीतल्या दोरीकडे पाहिलं. मग केनेच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. आणि बाजूला होऊन त्यांनी गाईला वाट दिली.