चादरीवरचं गवत

"सापडलंच मेलं!" तिने गवतातून एक पान चिमटीत धरून उचललं. लांब, जाड, वाळून तपकिरी झालेलं, मधली शीर ठसठशीत. कण्हेरीचं. पांढऱ्या चादरीवर पसरलेल्या गवतात ते असं मिसळून गेलं होतं की दुसऱ्या कुणाला शोधून सापडलं नसतं. दुसरा गठ्ठा निवडून झाला. अजून तीन राहिले होते आणि बसला जेमतेम पाव तास होता.

सासरे तबेल्याच्या दारात स्टुलावर बसले होते. तिने पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"तू आटप," ते म्हणाले. "उरलेले तीन मी बघतो. ही नजर तुला दिली कुणी?"

दिली त्यांनीच. गवत यायचं त्या शेताच्या बांधावर कण्हेर होती, आणि कापणीच्या यंत्राला गवत काय, कण्हेर काय, सगळं सारखंच. ओली कण्हेर घोडा सहसा तोंडात धरत नाही, पण वाळलेली गवताबरोबर निमूट खातो. मूठभर पानांत खेळ खलास. वीस वर्षांपूर्वी एक गाभण घोडी अशीच गेली. तेव्हापासून घराचा नियम झाला: चादरीवर पसरून हाताने निवडल्याशिवाय एक काडीही गव्हाणीत पडायची नाही. सासऱ्यांनी सुनेला डोळ्यात तेल घालून बघायला शिकवलं. ती इतकी तयार झाली की मग तिला कुणी उठूच देईना. नवरा दिवसभर मैदानावर लोकांना घोड्यावर बसायला शिकवायचा. त्याला निवडायला बसवलं तर दुसऱ्या मुठीला जांभई. चार दिवसांचं आधीच निवडून ठेवावं, तर गवताची गाडी रोजची रोज यायची. "तुझ्यासारखी नजर कुणाची नाही," असं म्हणून म्हणून सगळ्यांनी तिला त्या चादरीला खिळवून टाकलं होतं.

गेल्या दोन वर्षांत ती दोनदाच घराबाहेर निघाली होती. भावाकडे एक रात्र राहिली, तर सकाळी नवऱ्याचा फोन: बाबांना उलट्या होताहेत. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा भल्या सकाळी तिच्याकडे निघाली, तर तिच्या गावच्या स्टँडवरूनच परत फिरावं लागलं. बाबा खाटेवर आडवे, अंगाला दरदरून घाम, तोंडाला चव नाही. ती परतली की दोन दिवसांत खडखडीत बरे!

"नाटकं आहेत सगळी," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मी बाहेर पडायचा अवकाश, यांचं पोट बिघडतं."

नवरा हसला होता. तिला हसू आलं नव्हतं. घोड्यांना निदान रोज फाटकाबाहेर तरी काढतात, असं तिच्या मनात आलं होतं, आणि त्या विचाराने ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

आता लेकीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी शनिवार सांगितला होता. "आई, या वेळी घोडं कुठे पेंड खाणार ते आधीच सांगून टाक," लेक फोनवर म्हणाली होती. थट्टाच केली होती पोरीने, पण फोन ठेवण्याआधी "येशील ना?" असं दोनदा विचारलं होतं.

तिने हात धुतले, पिशवी घेतली.

"या वेळी पोट दुखलं तरी मी फिरायची नाही हं, बाबा." तोंडाने हसत म्हणाली, पण मनात राग होता.

"नकोच फिरूस," सासरे म्हणाले. "नातवंडाचं तोंड बघ आणि मगच ये."

फाटकाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, चष्मा चादरीवरच राहिला. ती झपाझप मागे आली.

सासरे चादरीवर मांडी घालून बसले होते. चष्मा त्यांच्या गुडघ्याला लागून पडला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. तोंड भिंतीकडे होतं. हात मात्र गवतात चाचपत होते. बोटांना एक पान लागलं. त्यांनी ते नखाने मोडलं, तुकडा जिभेवर ठेवला, थोडं थांबले आणि थुंकले. पान डाव्या हाताला टाकलं. मग पुन्हा चाचपलं. पुढचं पान, तेही जिभेवर. हे साधं निघालं, ते गवतात परत गेलं. डावीकडच्या ढिगात सगळी कण्हेर होती. एकही पान चुकलं नव्हतं.

ती दारातूनच ओरडली.

"बाबा, थुंका ते!"

ते दचकले. "गेली नाहीस अजून?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. सावल्या तेवढ्या दिसतात." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "पण कडू लागलं की कळतं गं. घाई केली की जरासं पोटात जातं, एवढंच."

"आणि हे आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू एकदा तरी त्या फाटकाबाहेर पडली असतीस का?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. तिने पिशवी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. पण दोन वर्षांत त्यांचे कान चांगलेच तयार झाले होते.

"उचल ती," सासरे म्हणाले, आणि पुढचं पान चाचपून तोंडात घातलं.