नाव न सांगणारे फोन

बटण दाबण्याआधी रंजनाने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मॅनेजरच्या केबिनचा पडदा ओढलेला होता.

स्क्रीनवर एक नाव हिरवं झालं होतं. विकास.

विकासला कंपनीने कामावरून काढलं होतं. माणूस बाहेर, नाव आत. आणि ते नाव आत्ता, भरदुपारी, नव्या साड्यांच्या डिझाइनमधून फिरत होतं.

फोन.

— काय मॅडम, वरच्या खुर्चीत बसल्यावर पासवर्ड देणार की अर्ज करू?

— दिला बघ, चंचल. आता तरी लक्षात ठेव.

या ऑफिसात हेल्पडेस्कला फोन करून कोणी नाव सांगत नसे. रंजना खोकल्यावरून माणूस ओळखायची. अडकलेलं सोडवायची आणि फोन ठेवायची. एकदा नवीन असताना तिने विचारलं होतं, कोण बोलतंय? अकाउंट्सचे लोक आठवडाभर रुसले. परत तिने विचारलं नाही.

सोमवारपासून ती ज्युनिअर सिस्टिम अ‍ॅडमिन होती. हेल्पडेस्कवर नवीन माणूस आला नव्हता, म्हणून जुना फोन तिच्यासोबत नव्या टेबलावर आला. शेठजींकडे तिचं नाव धर्मेंद्रभाईंनी काढलं होतं. धर्मेंद्रभाई ऑफिसचे मॅनेजर, मूळचे तिच्याच अमळनेर भागातले.

"आपली पोरगी आहे, शेठ," ते म्हणाले होते. "हिला फोनवर नावसुद्धा सांगावं लागत नाही. सांगितलं की काम झालं. उलटा प्रश्न नाही."

तेव्हा रंजनाला कानापर्यंत गरम वाटलं होतं. आईने घरी, डिंडोलीत, अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. रात्री मात्र तिला झोप लागेना. कॉलेजातून शिकून आलेली पोरं मुलाखतीला बसली होती. मग मीच का?

फोन.

— प्रिंटर कागद खातोय गं.

— त्याला जरा उपाशी ठेवा, सुमनताई. आलेच.

गेली नाही. हिरवं नाव अजून फिरत होतं.

अशाच चोरीवरून विकासची नोकरी गेली होती. नवी डिझाइन छापखान्यात जायच्या आधी मार्केटातल्या दुसऱ्याच दुकानात टांगलेली दिसली. पुरावा नव्हता. पण सिस्टिमच्या सगळ्या चाव्या विकासकडे होत्या. तेवढं पुरलं. त्याची बायको शीतल हल्ली भाजी घ्यायलासुद्धा दुसऱ्या गल्लीत जाते.

आता चाव्या रंजनाकडे होत्या. उद्या पुन्हा डिझाइन फुटलं, तर भाजी घ्यायला दुसऱ्या गल्लीत कोण जाणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी धर्मेंद्रभाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"विकासचं लॉगिन आहे तसं राहू दे. डिझाइन स्कॅन करायचं मशीन त्याच्यावरच चालतं. ते बंद केलंस की मशीन बंद. मग शेठ मला नाही, तुला विचारतील. समजी गई?"

तिने मान हलवली होती. मान हलवायची सवयच होती.

आणि आज सकाळी रिक्षा स्टँडवर विकास आला. दाढी वाढलेली. इकडेतिकडे बघत बोलला.

"रंजना, मनं लॉगिन बंद करी टाक ना बहीण."

"ते चालू आहे, हे तुला कसं कळलं, विकासदादा?"

"बंद करनारा मीच व्हतू. मना मांगे कोन करी?"

रिक्षा भरली. ती बसली. रस्ताभर तिला ते उत्तर खरं वाटेना. चोरच येऊन सांगतो, कुलूप लाव. म्हणजे त्याचं काम आटोपलं असेल. किंवा मशीन बंद पाडून तिलाच घरी बसवायचं असेल. तिची खुर्ची म्हणजे त्याची खुर्ची होती शेवटी.

कंपनीच्या सिस्टिममध्ये घरातून, दुकानातून, ऑफिसातून, सगळे एकाच वाटेने येत. आत कोण आलं, कुठून आलं, हे रंजनाला अजून शोधता येत नव्हतं. तिला फक्त नाव दिसत होतं. नाव एका डिझाइनवर थांबलं. मग दुसऱ्यावर.

बंद केलं तर मशीन बंद. नाही केलं तर डिझाइन जातंय, डोळ्यांदेखत.

तिने बटण दाबलं.

हिरवं नाव विझलं. ती लगेच काचेच्या भिंतीकडे वळली. काचेपलीकडच्या खोलीत प्रमिलाबाई स्कॅनिंगच्या मशीनवर बसल्या होत्या. आता त्या हात वर करून ओरडतील. आता शेठजी येतील.

प्रमिलाबाईंनी साडीचा तुकडा मशीनच्या काचेवर पसरला. झाकण लावलं. पांढरा उजेड या टोकाकडून त्या टोकाला गेला. त्यांनी तुकडा काढला, दुसरा ठेवला. उजेड पुन्हा सरकला.

मशीन चालू होतं.

फोन.

— रंजना, स्कॅनिंगचं मशीन बंद पडलं बघ! विकासचं लॉगिन उडालंय. पटकन चालू कर.

नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हा आवाज तिच्यासाठी शेठजींशी बोलला होता. तिचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. काचेपलीकडे प्रमिलाबाई तिसरा तुकडा हाताने सारखा करत होत्या. पांढरा उजेड सरकला.

उलटा प्रश्न नाही.

बोट हवेतच राहिलं. तिने फोनचा स्पीकर चालू केला, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"कोण बोलतंय?"