तीन बोटं

“बाबा, तोंड उघडा. तीन बोटं उभी धरून आत घाला पाहू.”

“माहे हात चुन्याचे हायेत, दिसत नाही का?” फकिरा खर्रा घोटता घोटता म्हणाला. “जाय शाळेत.”

किरनापूरच्या बसथांब्यासमोरचा पानठेला फकिराचा. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकायचा, पाटीवर घासत बसायचं, की झाला खर्रा. आणि ठेल्याचं नाव झालं ते पोरीच्या जिभेवर, हे फकिरा स्वतःच गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आठ वर्षांची असल्यापासून श्रुतिका शाळा सुटली की ठेल्यावर यायची, चिमूटभर चाखायची आणि सांगायची, चुना कमी की जास्त. “माह्या पोरीची जीभ म्हंजे तराजू!”

ते आता बंद झालं होतं. दिवाळीत तिनं चाखणं सोडलं आणि बापाच्याच मागे लागली, खर्रा सोडा म्हणून. मग बालाघाटहून दातांची डॉक्टरीण शाळेत फॉर्म घेऊन आली. दात किती वेळा घासता, ब्रश कधी बदलता, निरोगी तोंडात किती बोटं उभी जातात, असे वीस प्रश्न. साऱ्या नववीत वीसपैकी वीस बरोबर एकटीचे. नंदकिशोर सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. ही ओठ मिटून हसली, बस.

फकिराला त्या वीसचा अभिमान होता आणि तापही. घरात रोज तेच. पोरगी ताटावर रुसायची. भातावर वाटीभर वरण ओतायची, पातळ करून गिळायची. ठेच्याला हात लावत नव्हती.

“बापानं खर्रा सोडला नाही त ही अन्न सोडून राह्यली,” आई कमला म्हणायची. “बाप तसा, लेक तशी!”

बाजाराच्या दिवशी फकिरानं मुद्दाम गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाऊ घातली. तीही तिनं फोडून, तुकडे करून खाल्ली. गुपचुप कोणी फोडून खातं का, सांगा! फकिरा हसला होता, “डॉक्टरीण झाली वं तू.”

“आज शाळेतल्या दाताच्या शिबिराचा आखरी दिवस हाये,” श्रुतिका म्हणाली. “पालकाईलेही पाह्यतात. चला न.”

“मले काही नाही झालं.”

“मंग भेता काहून?”

फकिरा उत्तर देणार तोच त्याला दिसलं, पोरगी रडत होती. ठेल्यासमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत, आवाज न करता. त्यानं हातातली पन्नी तशीच टाकली आणि ठेला बंद केला.

शाळेच्या वऱ्हांड्यात गर्दी ओसरली होती. दोन दिवस मुलींची रांग लावायचं काम सरांनी श्रुतिकाकडेच दिलं होतं. एकेकीला नाव घेऊन तीच आत पाठवत होती.

“झाल्या का साऱ्या पोरी?” सरांनी विचारलं.

“हौ सर. आता बाबा राह्यले.”

डॉक्टर मीनाक्षींनी फकिराला खुर्चीवर बसवलं. “काय त्रास होतो?”

त्याच्या आधी श्रुतिका बोलली. “तिखट झोंबते, मॅडम. साधं वरणही झोंबते. सकाळी उठलं की गाल आतून आवळल्यावानी वाटतात. घास मोठा घेता येत नाही.”

“मले?” फकिरा बघतच राहिला. “कधी वं?”

“सांगत नाहीत, मॅडम. लपवतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कधीपासून आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“खर्रा?”

“हौ.” श्रुतिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मॅडम, खाणं सोडलं त तोंड परत उघडते ना? पह्यल्यासारखं?”

“सोडलं तर वाढायचं थांबू शकतं. औषधानं, व्यायामानं थोडा फरक पडतो. पण अगदी पहिल्यासारखं नाही होत गं. आणि दुर्लक्ष केलं तर पुढे कॅन्सरची भीती असते.”

श्रुतिका मान हलवत राहिली. फकिरा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आपल्यासाठी लेकरू किती झुरतं, आणि आपण तिला हाकलत होतो! त्यानं मनातल्या मनात शपथ घेतली. खर्रा बंद. उद्यापासून नाही, आजपासून.

“आ करा.”

फकिरानं जबडा पसरला. डॉक्टरांनी बॅटरी फिरवून पाहिलं, मग हात धुवायला लावून त्याचीच तीन बोटं उभी धरून आत घालायला लावली. सरळ गेली.

“हिरड्या खराब आहेत. खर्रा सोडायलाच हवा,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मुलीनं सांगितलं, त्यातलं तुम्हाला काहीच नाही.”

“पाह्य! म्हनत होतो न मी!” फकिराचा जीव भांड्यात पडला. तो खुर्चीवरून उठला, पोरीच्या पाठीवर थाप मारली, सरांकडे पाहून हसला. “उगाच रडली वं माय माही! चाल, बस आता तू. दाखव मॅडमले. मॅडम, वीसपैकी वीसवाली हाये ही.”

“राहू द्या न बाबा. घरी जाऊ.”

“लाजते काहून? आ कर.” त्यानं धुऊनही चुन्यानं पांढरीच राहिलेली आपली तीन बोटं लाडानं तिच्या ओठांशी नेली.

श्रुतिकानं डोळे मिटले आणि उघडता येईल तेवढं तोंड उघडलं.

एकच बोट आत गेलं.